जुनी संग्राह्य बंदूक अस्सल आहे हे कशावरून मानावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : कोल्ट कंपनीचे १८७३च्या नमुन्याचे, अमेरिकी लष्करासाठी बनवलेले म्हणून सांगितले जाणारे एक रिव्हॉल्व्हर आपल्याला देऊ केले गेले आहे. सोबत कंपनीच्या जुन्या नोंदींवरून दिलेले पत्र आहे, ते घोडदळात वापरले गेल्याचे सांगणारे पूर्वीच्या मालकाच्या कुटुंबीयांचे प्रतिज्ञापत्र आहे, छायाचित्रे स्वच्छ आहेत आणि विक्रेत्याचे नावही चांगले आहे. एवढे सगळे असताना अजून काय पाहायचे, आणि विश्वास नेमका कशावर ठेवायचा, असे आपण विचारता. माझे म्हणणे असे, की या चारही गोष्टी उपयोगाच्या असल्या तरी त्यांपैकी एकही त्या रिव्हॉल्व्हरच्या धातूविषयी आणि लाकडाविषयी काहीच सिद्ध करत नाही. ज्या वस्तूसाठी पैसे मोजायचे ती आधी तपासावी आणि कागद तिच्याशी जुळतात की नाही हे नंतर पाहावे. बहुतेक खरेदीदार आधी कागद वाचतात, त्यांत रमतात, आणि मग हातात घेतलेल्या वस्तूत तेच दिसू लागते जे कागदात वाचलेले असते. फसवणूक करणाऱ्यांचा बराचसा व्यवसाय याच उलट्या क्रमावर चालतो.

नकली म्हटले की नव्याने घडवून जुनी भासवलेली बंदूक डोळ्यांसमोर येते. असे प्रकार होतात, विशेषतः अतिदुर्मिळ नमुन्यांच्या बाबतीत. १८४७चे कोल्ट वॉकर रिव्हॉल्व्हर अवघे ११००च्या आसपास बनले, त्यामुळे नव्याने उजेडात आलेल्या प्रत्येक वॉकरकडे जाणकार मंडळी आधी संशयानेच पाहतात. परंतु बाजारात त्याहून कितीतरी अधिक आढळते ती मूळची अस्सल, पण सामान्य दर्जाची आणि नंतर ‘चढवलेली’ वस्तू : नागरी विक्रीच्या रिव्हॉल्व्हरवर लष्करी निरीक्षकांचे (माल तपासून स्वीकारल्याचे) ठसे, साध्या रायफलीवर अलीकडे केलेले कोरीवकाम, झिजलेल्या पिस्तुलावर नव्याने चढवलेला निळा मुलामा, किंवा तीन वेगवेगळ्या बंदुकांचे भाग जोडून तयार केलेली चौथी. यांतला जवळजवळ प्रत्येक भाग खरोखरच जुना असतो आणि म्हणूनच ही फसवणूक पकडणे अवघड जाते. ‘ही बंदूक जुनी आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर अशा वेळी प्रामाणिकपणे ‘होय’ असेच येते. विचारायचे असते ते हे, की ही वस्तू आज जशी आहे तशीच कारखान्यातून बाहेर पडली होती का, आणि नसेल तर बदल कधी, कोणी व कशासाठी केले.

आता पत्राविषयी. कोल्ट कंपनीचा अभिलेख विभाग पाठवणीच्या जुन्या वह्यांवरून असे पत्र देतो. विंचेस्टर या दुसऱ्या अमेरिकी बंदूक कंपनीच्या उपलब्ध नोंदींसाठी वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयाकडे विचारणा करता येते. अशा पत्रात साधारणपणे अनुक्रमांक, कॅलिबर, नळीची लांबी, मुलामा, पाठवणीची तारीख आणि माल कोणाकडे गेला एवढा तपशील असतो, तोही वहीत नोंदलेला असेल तेवढाच. हे पत्र त्या क्रमांकाच्या शस्त्राविषयी बोलते. तो क्रमांक ज्या धातूवर आज दिसतो तो धातू तोच आहे, असे ते म्हणत नाही आणि म्हणू शकतही नाही, कारण पत्र लिहिणाऱ्याने ती वस्तू पाहिलेलीच नसते. एखाद्या क्रमांकाची नोंद उत्तम आहे हे कळल्यावर तो क्रमांक दुसऱ्याच चौकटीवर (म्हणजे शस्त्राच्या मुख्य सांगाड्यावर) उमटवण्याचे उद्योग झालेले आहेत. शिवाय नोंदी सगळ्या उरलेल्याही नाहीत. १८६४च्या फेब्रुवारीत हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्याला आग लागली आणि त्याआधीच्या काळातील बरीच कागदपत्रे तिच्यात गेली, म्हणून टोपीच्या, म्हणजे काडतुसांआधीच्या आणि ठिणगी देणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीने उडणाऱ्या, रिव्हॉल्व्हरांबाबत ‘नोंद नाही’ असे उत्तर आले तर त्याचा अर्थ वस्तू खोटी असा होत नाही.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. लष्करी कंत्राटातील रिव्हॉल्व्हरांबद्दलच्या कोल्टच्या पत्रात माल कारखान्यातील सरकारी निरीक्षकाच्या स्वाधीन केल्याची नोंद असते. पुढे ते कोणत्या रेजिमेंटला वाटले गेले हे त्यात नसते. त्यामुळे ‘पत्रावरून हे सातव्या घोडदळाचे ठरते’ असे कोणी म्हणाले, तर पत्र नीट वाचलेले नाही किंवा आपण ते वाचणार नाही असे गृहीत धरलेले आहे. याच सातव्या घोडदळाचा मूळ अमेरिकी जमातींनी जिच्यात पराभव केला त्या लिटल बिगहॉर्नच्या, म्हणजे २५ जून १८७६च्या, लढाईशी नाते जोडता आले की किंमत अनेक पटींनी वाढते, आणि त्या काळातील निरीक्षक ऑर्व्हिल एन्सवर्थ यांच्या आद्याक्षरांचे ठसे म्हणूनच सर्वाधिक बनावट ठशांमध्ये मोडतात. पत्राची छायाप्रत असेल तर ती बाजूला ठेवून त्याच क्रमांकासाठी स्वतः नवे पत्र मागवावे. खर्च किमतीच्या मानाने नगण्य असतो.

धातूकडे वळू. पहिली नजर ठशांवर जावी. ठसा ठोकला की धातू दबतो आणि अक्षराच्या कडेला अगदी बारीक उंचवटा येतो. कारखान्यात बहुतेक ठसे शेवटच्या मुलाम्याच्या आधी उमटवले जात, म्हणून मुलामा अक्षराच्या तळापर्यंत गेलेला असतो. काही निरीक्षण-ठसे मात्र नंतर मारले जात, त्यामुळे कोणत्या नमुन्यावर कोणता ठसा केव्हा पडत असे हे आधी माहीत असावे लागते. भिंगाखाली सर्वांत बोलके ठरते ते गंजाचे आणि ठशाचे नाते. पृष्ठभागावर गंजाचे खड्डे असतील तर ते अक्षरांच्या आतही तसेच असायला हवेत आणि अक्षरांच्या कडा त्यांनी खाल्लेल्या असायला हव्यात. खड्ड्यांवरून अक्षर धारदारपणे जात असेल, तर ठसा गंजानंतरचा आहे. याला दुसरे स्पष्टीकरण मला आजवर पटलेले नाही. त्याचप्रमाणे ठशाभोवतीचा भाग किंचित खोलगट असेल, तर तिथे आधी काही होते आणि ते कानशीने काढले गेले आहे. तिरप्या प्रकाशात सपाट पट्टी टेकवून पाहिली की असा खोलगटपणा लपत नाही.

अक्षरांचे वळण, अंतर आणि आकार यांची तुलना निःसंशय अस्सल नमुन्यांशी करावी लागते, आणि त्यासाठी छायाचित्रांचा स्वतःचा संग्रह असणे फार उपयोगी पडते. कारखान्याचे ठसे-साचे झिजत, तुटत, बदलले जात. एखाद्या अंकाची तुटकी शेपटी ठरावीक काळातील सगळ्या वस्तूंवर सारखी दिसते. बनावट ठसा करणाऱ्याला हे सगळे बारकावे एकाच वेळी साधत नाहीत.

मुलाम्याची परीक्षा याहून नाजूक असते. पुन्हा मुलामा चढवायचा तर आधी पॉलिश करावे लागते, आणि पॉलिशमध्ये धातूच्या कडा गोलावतात, स्क्रूच्या भोकांचे काठ बशीसारखे खचतात, सपाट बाजूंवर लाटा दिसतात आणि अक्षरांची एक कड दुसरीपेक्षा उथळ होते. कोल्टच्या लष्करी रिव्हॉल्व्हरची चौकट आणि घोडा (चाप ओढल्यावर आघात करणारा भाग) ‘केस हार्डन’ केलेले असत, म्हणजे हाडांच्या कोळशात तापवून पाण्यात विझवल्याने त्यांवर निळे, करडे, तपकिरी ढगाळ रंग उमटत. हे रंग उजेडाने आणि हाताळण्याने विटतात, म्हणून ते उघड्या भागांवर फिके आणि मुठीखाली, घोड्याच्या बाजूंना, झाकलेल्या सांदीत गडद असायला हवेत. सर्वत्र सारखेच टवटवीत रंग दिसले, किंवा वाघाच्या पट्ट्यांसारखे ओळीने आलेले दिसले, तर ते काम नंतरचे समजावे. झीजही तर्काला धरून हवी : म्यानात घासणाऱ्या नळीच्या टोकाशी, गोळ्या ठेवायच्या फिरत्या सिलिंडरच्या कडांना, तळहात टेकतो त्या पाठपट्टीवर. संपूर्ण वस्तूवर एकसारखा पसरलेला तपकिरी रंग हा वयाचा परिणाम क्वचितच असतो. बहुधा ते रसायनाचे काम असते.

लाकूड पुष्कळांच्या तपासणीत निसटते. मूळ दस्त्याचे लाकूड धातूच्या कडेशी समपातळीत किंवा त्याहून किंचित उंच असते. पॉलिशपेपर फिरला की ते धातूच्या खाली जाते. निरीक्षकाचा रेषेने वेढलेला ठसा लाकडावर खणखणीत आणि भोवतालचे लाकूड मात्र झिजून गुळगुळीत, अशी जोडी निसर्गतः होत नाही. आपल्या रिव्हॉल्व्हरची मूठ एकसंध अक्रोडाची आणि तेल दिलेली असावी. नागरी विक्रीच्या मुठींना चकचकीत व्हार्निश असे.

‘सगळे क्रमांक जुळतात’ हे वाक्य विक्रेत्यांच्या फार आवडीचे आहे, आणि त्याचे वजन नमुन्यागणिक बदलते. जर्मन लष्करी लुगर पिस्तुलावर पूर्ण अनुक्रमांक मुख्य भागांवर आणि त्याचे शेवटचे दोन अंक लहानसहान भागांवरही असतात. मॅगझिनसुद्धा क्रमांकाचे असते, आणि एक जरी भाग परका निघाला तरी संग्राहकाच्या लेखी किंमत घसरते. म्हणूनच परक्या भागांवरचे अंक घासून नवे उमटवण्याचा धंदा लुगरांत जोरात आहे. याउलट आपण पाहत आहात त्या कोल्ट रिव्हॉल्व्हरांपैकी हजारो १८९०च्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत परत मागवून साडेसात इंची नळी साडेपाच इंचांवर आणली गेली, आणि दुरुस्तीनंतर जोडणी करताना क्रमांकांकडे लक्ष दिले गेले नाही. संग्राहक यांना ‘आर्टिलरी’ म्हणतात. त्यांतल्या बहुतेकांवर क्रमांक मिसळलेलेच असतात आणि तेच त्यांच्या अस्सलपणाला शोभते. अशा एखाद्यावर सगळे क्रमांक नेमके जुळले तर मी आनंदी होण्याऐवजी भिंग काढतो. आपले रिव्हॉल्व्हर साडेसात इंची असेल, तर चौकट, चापाची कमान आणि पाठपट्टी यांच्याबरोबर सिलिंडरवरचा आणि नळीच्या खालचा, म्हणजे कवच बाहेर ढकलणाऱ्या दांड्याच्या नळकांड्याखाली लपलेला, क्रमांकही पाहायला मिळाला पाहिजे. ते नळकांडे एका स्क्रूने सुटते. विक्रेता तो स्क्रू काढू देत नसेल, तर त्याचे कारण स्क्रूची काळजी हेच असेल असे नाही.

काळाची विसंगती शोधणे हा या कामातला सर्वांत समाधानकारक भाग आहे, कारण तिथे मतभेदाला जागा राहत नाही. कोल्टच्या या नमुन्यावर चौकटीच्या डाव्या बाजूला पेटंटच्या तारखा असतात : सुरुवातीला १८७१ आणि १८७२च्या, आणि नंतर त्यांत १९ जानेवारी १८७५ची भर पडली. १८७४मध्ये घोडदळाला दिलेले म्हणून सांगितलेल्या रिव्हॉल्व्हरवर १८७५चे पेटंट असेल, तर चौकट तरी दुसरी आहे किंवा कथा तरी. बेल्जियममधील लिएजच्या परीक्षणगृहाच्या (जिथे नळ्यांची मजबुती तपासून ठसा मारतात) लंबगोल ठशावर मुकुट आला तो १८९३पासून, त्यामुळे १८७०च्या म्हटलेल्या बेल्जियन रिव्हॉल्व्हरवर मुकुटासह तो ठसा असणे शक्य नाही, फार तर ते नंतर पुन्हा परीक्षणाला गेलेले असेल. ‘जर्मनी’ किंवा ‘बेल्जियम’ अशी देशाची छाप इंग्रजीत असेल तर १८९०चा अमेरिकी आयातशुल्क कायदा आठवावा. अशी छाप त्या सुमारानंतरच सर्रास दिसू लागते. मौझर कारखान्याने १९३७च्या सुमारास लुगरची मुलामा देण्याची पद्धत बदलली आणि चापासारख्या लहान भागांवरचा गवती पिवळा रंग बंद केला. १९४०ची तारीख असलेल्या मौझर लुगरचा चाप पिवळा असेल तर कोणीतरी ‘सौंदर्यवर्धन’ केले आहे. खैबर खिंडीच्या परिसरात स्थानिक कारागिरांनी ब्रिटिश लष्करी नमुन्यावरून नकलून बनवलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींवर तर राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे आणि त्याखाली तिच्या मृत्यूनंतरचे, म्हणजे १९०१नंतरचे, साल अशी जोडी आढळते, आणि कधी कधी उलटे कोरलेले इंग्रजी अक्षरही. त्या रायफली हस्तकौशल्याचा नमुना म्हणून संग्रहात ठेवण्यासारख्या आहेत, फक्त त्यांना ब्रिटिश लष्कराची किंमत देऊ नये.

आधुनिक प्रतिकृतींचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत, मुख्यतः गार्दोने व्हाल त्रोम्पिया येथे, जुन्या अमेरिकी रिव्हॉल्व्हरांच्या उत्तम प्रतिकृती बनू लागल्या आणि त्यांतल्या सुरुवातीच्या प्रती आता स्वतःच वयस्क झाल्या आहेत. इटालियन परीक्षणगृह त्यांवर वर्षाची सांकेतिक खूण उमटवते : आधी रोमन अंक, आणि १९७५पासून दोन अक्षरे. अशी प्रतिकृती जुनी म्हणून खपवायची तर या खुणा घासाव्याच लागतात, म्हणून चौकटीवर आणि नळीवर त्यांच्या नेहमीच्या जागी उथळ घासलेले डाग शोधावेत. शंका मोठी असेल तर क्ष-किरणांनी धातूची घटकद्रव्ये मोजणारे हातातले यंत्र वापरता येते. वस्तूला ओरखडाही न पडता, १८५०च्या म्हटलेल्या लोखंडात क्रोमियम-मॉलिब्डेनमचे आधुनिक पोलाद निघाले की चर्चा संपते.

चकमकीच्या बंदुका आपल्या विषयाबाहेरच्या असल्या तरी दोन शब्द त्यांच्यासाठी. एकोणिसाव्या शतकात त्यांतल्या असंख्य बंदुकांना टोपीची यंत्रणा बसवली गेली आणि विसाव्या शतकात, चकमकीला भाव आल्यावर, त्या परत चकमकीच्या केल्या गेल्या. कळपट्टीवरची (चाप-यंत्रणेच्या बाहेरच्या पट्टीवरची) बुजवलेली भोके, कानाजवळ, म्हणजे नळीच्या बत्तीच्या भोकाजवळ, भरलेला धातू आणि बंदुकीच्या दारूच्या भडक्याने न खाल्लेला नवा दारू ठेवायचा प्याला पाहिला की हा परतीचा प्रवास कळतो.

आता कुटुंबीयांच्या प्रतिज्ञापत्राकडे. कुटुंबे सहसा खोटे बोलत नाहीत, ती ऐकलेले सांगतात. जेसी जेम्स या कुख्यात दरोडेखोराची आई त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे १८८२नंतर, पाहुण्यांना जुनी पिस्तुले ‘जेसीचे’ म्हणून विकत असे, असे सांगितले जाते; ती विकत घेणाऱ्यांच्या नातवंडांनी केलेली प्रतिज्ञापत्रे आज पूर्ण प्रामाणिक असू शकतात. प्रतिज्ञापत्रात क्रमांक आहे का, ते केव्हा केले, विक्रीच्या तोंडावर की त्याच्या कितीतरी आधी, आणि कुटुंबाबाहेरचा एखादा समकालीन कागद त्याला दुजोरा देतो का, हे तीन प्रश्न विचारावेत. शेरीफ पॅट गॅरेटने १८८१मध्ये बिली द किड या कुख्यात गुंडाला ज्या कोल्टने मारले ते रिव्हॉल्व्हर २०२१मध्ये लिलावात ६० लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. ते दिसायला अगदी साधे आहे. पण गॅरेटच्या मृत्यूनंतर त्याच्या मालकीवरून १९३०च्या दशकात न्यायालयात वाद झाला होता आणि त्याच्या विधवेला ते परत मिळाले होते. स्वार्थ परस्परविरुद्ध असलेल्या माणसांनी घासून पाहिलेला असा पुरावा शंभर प्रतिज्ञापत्रांना भारी पडतो.

राहिला विक्रेता. त्याचे नाव चांगले असणे म्हणजे तो वस्तू परत घेण्याची शक्यता जास्त असणे, एवढाच अर्थ मी घेतो. त्याचेही डोळे चुकू शकतात, आणि त्याने ती वस्तू कोणावर तरी विसंबूनच घेतलेली असते. मी त्याचे बोलणे कमी ऐकतो आणि बिलावर काय लिहितो ते जास्त पाहतो. ‘जुने कोल्ट रिव्हॉल्व्हर, जसे आहे तसे’ असे बिल आणि ‘लष्करी कंत्राटातील, मूळ मुलामा, मूळ नळी, सर्व ठसे समकालीन; याविरुद्ध आढळल्यास पूर्ण रक्कम परत’ असे बिल यांत जो फरक आहे, तोच त्याच्या स्वतःच्या खात्रीचा फरक आहे. मुदत लेखी हवी, आणि त्या मुदतीत आपल्या पसंतीच्या तज्ज्ञाकडून तपासणीची मुभा हवी. तज्ज्ञाचे शुल्क विक्रीच्या रकमेवर ठरलेले नसावे आणि त्याने ती वस्तू पूर्वी विकलेली नसावी. लिलावगृहांच्या अटी वेगळ्या असतात. बऱ्याच ठिकाणी हमी यादीतल्या ठळक शीर्षकापुरतीच असते, खालच्या लांबलचक वर्णनाला नसते, आणि मुलाम्याच्या टक्केवारीबाबत तर जवळजवळ कुठेच नसते. टक्केवारीवरून आठवले : ‘उत्तम’ हा शेरा प्राचीन शस्त्रांच्या मापाने दिला आहे की आधुनिक शस्त्रांच्या, हे विचारून घ्यावे, कारण अमेरिकेच्या एनआरएच्या (नॅशनल रायफल असोसिएशनच्या) प्रचलित श्रेणींमध्ये ही दोन मापे वेगळी आहेत आणि प्राचीन शस्त्रांचे माप बरेच सैल आहे.

उघड सांगितलेल्या दुरुस्तीला मी दोष देत नाही. शंभर-दीडशे वर्षांत एखादा स्क्रू, एखादी स्प्रिंग बदललेली असणे स्वाभाविक आहे, आणि जो विक्रेता स्वतःहून सांगतो की ‘घोड्याचा स्क्रू नंतरचा आहे’, त्याच्या इतर विधानांना माझ्याकडे थोडे अधिक वजन मिळते. मालकी, आयात आणि परवान्याचे नियम देशागणिक वेगळे असतात, आणि वस्तू ‘प्राचीन’ ठरण्याची तारीखही. अमेरिकेत १८९८ किंवा त्यापूर्वीचे उत्पादन ही सीमा आहे. विक्रेत्याचे तोंडी आश्वासन इथेही पुरत नाही. आणि त्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी झाडून ‘चालते का’ पाहण्याचा मोह टाळावा. ते काळ्या दारूसाठी घडवलेले आहे.

आपण पुढे काय करावे ते सांगतो. विक्रेत्याकडे मूठ काढून घेतलेली, नळकांड्याखालच्या क्रमांकाची, सिलिंडरच्या क्रमांकाची आणि चौकटीच्या डाव्या बाजूच्या पेटंट-ओळींची तिरप्या प्रकाशातली छायाचित्रे मागावीत. शक्य असल्यास स्वतः जाऊन ती वस्तू सुटी करून पाहावी. दरम्यान कोल्टकडून नवे पत्र मागवावे. क्रमांक जुळले, ठसे गंजाच्या आधीचे ठरले आणि चौकटीचे रंग झाकलेल्या जागी टिकलेले दिसले, तर लष्करी रिव्हॉल्व्हर म्हणून मागितलेली किंमत विचारात घेण्यासारखी आहे. घोडदळाच्या कथेसाठी मात्र, प्रतिज्ञापत्रापलीकडे काही नसेल तर, एक पैसाही वेगळा देऊ नये. ठशांची शंका उरली आणि विक्रेता बिलावर हमी लिहायला तयार नसला, तर त्याच काळातील नागरी रिव्हॉल्व्हरची किंमत सांगावी, ठसे नंतर मारल्यामुळे झालेले नुकसान तीतून वजा करावे, आणि तेवढ्यात मिळत नसेल तर ते तिथेच राहू द्यावे.